नाक जरूर धुवा, पण नळाच्या कच्च्या पाण्याने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जलनेतीवरचा, म्हणजे पात्राने पाणी घालून नाक धुण्यावरचा, लेख वाचला. लेख तसा चांगलाच आहे, पात्र कसं धरायचं, मान किती वाकवायची, तोंडाने श्वास घ्यायचा हे सगळं नीट दिलंय, पण पाण्याच्या बाबतीत फक्त कोमट पाणी घ्यावे एवढंच. ते आधी उकळलेलं हवं हे लेखात कुठेच नाही. मी गोव्यात फोंड्याला फार्मसीच्या काउंटरवर उभा असतो, त्या सोमवारपासून नेतीपात्र आहे का, नाक धुवायची बाटली आहे का असं विचारत येणारे वाढलेत, आणि मी प्रत्येकाला एकच विचारतो की पाणी कुठलं घेणार? उत्तरं ऐकून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण पाण्याचा भाग तेवढा कापू नका.

आधी हे सांगतो की मी नाक धुण्याच्या अजिबात विरोधात नाही, उलट लोकांनी धुवावंच असं माझं मत आहे. आपल्याकडे नाकाला सुट्टी अशी नसतेच. चवथीच्या आधी आमच्या काउंटरवर काय गर्दी असते ते एकदा बघायला या. मुंबई, पुणे, वास्को, पणजी, जिथे कुठे असतील तिथून सगळे मूळ घरी येतात, वर्षभर बंद असलेली खोली उघडतात, माळ्यावरची माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधायची, चौकट खाली काढतात, गाद्या उन्हात टाकायच्या तर ऊन कुठाय, आणि जूनपासून त्या घराने जी ओल पिऊन ठेवलेली असते ती सगळी बुरशी आणि धूळ एकदम नाकात. गणपती बसायच्या आधी अर्धं घर शिंकत असतं. त्यात धूप, अगरबत्ती, फटाके. पाऊस गेला की सुकी धूळ सुरू, रस्ते खोदलेले असतात ते असतातच, खाणीच्या भागात राहणाऱ्यांना तर मी काय सांगायचं, त्यांच्या अंगणातल्या तुळशीची पानं लाल असतात. मग कुणाला मोहराचा त्रास, शिगम्याला गुलाल, आणि परत पाऊस.

अशी मंडळी आमच्याकडे येऊन पहिल्यांदा मागतात ते नाक उघडायचे थेंब. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं, जादूच. पण त्या थेंबांतलं औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं म्हणून जागा होते, औषधाचा असर उतरला की त्या परत फुगतात, आणि तीन ते पाच दिवसांच्या वर रोज टाकत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुगायला लागतात. मग नाक थेंबांमुळेच चोंदतं आणि माणूस ते उघडायला परत थेंबच टाकतो. वर्षानुवर्षं खिशात ती छोटी बाटली घेऊन फिरणारे लोक मला माहीत आहेत, एक टॅक्सीवाला तर रात्री दुकान बंद करायच्या वेळी धावत येतो, बाटली संपली तर झोप लागत नाही म्हणतो. अशांना मी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतो, कारण त्याची सवय लागली तरी काही बिघडत नाही.

काम कसं होतं तेही साधं आहे. नाकाच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून चिकट शेंबूड, धूळ, परागकण मागे घशाकडे ढकलत असतात. ॲलर्जीत किंवा सायनसच्या सुजेत शेंबूड घट्ट होतो आणि हे काम मंदावतं. खारं पाणी तो पातळ करतं, अडकलेली धूळ बाहेर काढतं, सूज वाढवणारी जी रसायनं शरीर तिथे सोडतं तीही धुवून जातात. 2018 मध्ये कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने याच्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ॲलर्जीवाल्या लोकांत नाक धुणाऱ्यांना न धुणाऱ्यांपेक्षा त्रास कमी जाणवला असं दिसलं, अर्थात पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे रोग बरा होतो असं नाही, आराम पडतो. ज्यांना डॉक्टरने स्टेरॉइडचा स्प्रे दिलाय त्यांनी आधी नाक धुवायचं, थोड्या वेळाने स्प्रे मारायचा, उलटं केलं तर महागाचं औषध बेसिनमध्ये जातं.

आता पाणी. मी विचारलं की लोक काय सांगतात बघा. सर्वात जास्त उत्तर येतं ते गीझरचं. गीझरचा नळ सोडायचा, त्यात थोडं थंड मिसळायचं, बोट घालून बघायचं, झालं कोमट. कोमट झालं खरं, पण ते उकळलंच नव्हतं कधी. आंघोळीला चटका बसतो म्हणजे त्यातलं सगळं मेलं असं लोक धरून चालतात. दुसरं उत्तर फिल्टरचं, आणि त्याची सर्व्हिसिंग कधी केली विचारलं की बायकोकडे बघतात. तिसरं आपलं खास, बांय, म्हणजे घरची विहीर. परवा प्रियोळकडच्या एक काकी आल्या होत्या, त्यांना म्हटलं उकळून घ्या हं काकी, तर माझ्यावरच उखडल्या, "आमच्या बांयचें उदक एकदम बरें आसा, माझ्या सासऱ्याने नव्वद वर्षं तेच प्यालं, त्याला कधी साधी सर्दी नाही झाली." मी म्हटलं काकी, प्यायला बरंच असेल, मी प्यायचं बोलतच नाहीये.

मुद्दा इथेच आहे आणि तो लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. गोड्या, कोमट पाण्यात आणि मातीत नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमिबा असू शकतो. हे पाणी पोटात गेलं तर त्यापासून हा रोग होत नाही. तेच पाणी जोराने नाकात वरपर्यंत गेलं तर तो वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने थेट मेंदूत पोचू शकतो. पोचला तर मेंदूला सूज येते, डोकं प्रचंड दुखतं, ताप, उलट्या, मान आखडते, आणि ज्यांना हा रोग होतो त्यांच्यातले 100 पैकी 97 पेक्षा जास्त दगावतात असं जगभरातल्या केसेसवरून दिसतं. एकापासून दुसऱ्याला हा होत नाही. 1965 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याच्या केसेस पहिल्यांदा नोंदवल्या, म्हणजे नवीन काही नाही. रोग फार फार दुर्मिळ आहे हेही तेवढ्याच स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या लोक व्हॉट्सॲपवर काहीच्या काही पसरवतील. तळ्यात पोहताना, डुबकी मारताना नाकात पाणी जाऊन तो जास्त करून होतो. पण 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं गेली ती पोहायला गेलीच नव्हती, दोघंही घरच्या नळाच्या पाण्याने नेतीपात्रातून नाक धुवायची, आणि त्या घरांतल्या पाण्यात तो अमिबा सापडला. कराचीत नमाजाआधी वुझू करताना नाकात पाणी घेतात, तिथेही नळाच्या पाण्यामुळे अशा केसेस झाल्यात आणि तिथले डॉक्टर उकळलेलं पाणी वापरा म्हणून सांगत असतात.

आणि लांब कशाला, केरळ बघा. 2024 पासून तिथे अमिबामुळे मेंदूज्वर झाल्याच्या बातम्या येतायत, तळी, विहिरी, टाक्या सगळ्यांवर संशय, विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीम काढावी लागली. केरळ आणि आपण, सांगा ना किती वेगळे आहोत? तीच हवा, तोच पाऊस, तशाच घरोघरी विहिरी, छपरावर तशाच काळ्या टाक्या एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या. या अमिबाला गरम पाणी आवडतं, साधारण 46 डिग्रीपर्यंत तो मजेत वाढतो. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं नळाचं पाणी क्लोरीन घालून येतं, ते ठीकच आहे, पण तुमच्या टाकीत चार दिवस उन्हात राहिल्यावर त्यात क्लोरीन किती उरतं? आणि टाकी शेवटची धुतली कधी? पाइपाच्या आत जो बुळबुळीत थर जमतो त्यात असले जीव लपून राहतात. मे महिन्यात झरीवर न्हायला जाणारे आपण लोक, तिथे तरी डोकं बुडवताना नाक चिमटीत धरा.

म्हणून नियम एकच आणि स्वस्त. पाणी गॅसवर ठेवायचं, खळखळून उकळी आली की त्यानंतर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं, झाकायचं, गार होऊ द्यायचं. एक मिनिट आपल्यासारख्या समुद्राजवळच्या सखल भागासाठी, उंच डोंगरावर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं. रात्री जेवणं झाली की छोट्या पातेल्यात उकळून झाकून ठेवलं तर सकाळी तयार, एका दिवसात वापरायचं, उरलं तर झाडांना. आणि मेहरबानी करून ते कोमट करायला त्यात नळाचं पाणी मिसळू नका, मी हे खूप ऐकलंय, अर्धं उकळलेलं अर्धं नळाचं, मग गॅस जाळला कशाला?

डिस्टिल्ड वॉटर चालतं असं इंटरनेटवर लिहिलेलं असतं ते बरोबर आहे, पण त्यावर एकाने मला विचारलं की पेट्रोल पंपावर मिळतं तेच का. नाही हो. ते बॅटरीत घालायचं, कसल्या कॅनमध्ये भरलेलं, कधी भरलेलं काही पत्ता नाही, ते नाकात घालायचं नाही. बाजारातली पाण्याची बाटली पिण्यासाठी असते, ती निर्जंतुक असते असं नाही. काही जण सलाइनची बाटली घेऊन जातात, सीलबंद असते तोवर उत्तम, पण उघडल्यावर ती आठवडाभर बाथरूममध्ये ठेवून वापरायची नसते. पातेलंच बरं.

मिठाचं पण सांगतो कारण त्यातही आपल्याकडे मजा आहे. नुसतं साधं पाणी नाकात गेलं की झोंबतं, पोहताना प्रत्येकाने अनुभवलंय, कारण आपल्या शरीरात जेवढं क्षार असतं तेवढं त्यात नसतं. म्हणून लिटरला 9 ग्रॅम मीठ. पाव लिटरची बाटली असेल तर सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, त्याहून जरासं कमीच. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी मऊ लागतं. आयोडीनवालं मीठ काहींना झोंबतं, म्हणून साधं बिनआयोडीनचं शुद्ध मीठ. इथे लोक हुशारी करतात, आपल्या मिठागरातलं गावठी खडे मीठ घेतात, त्यात आयोडीन नाही ना म्हणून. मला ते मीठ फार आवडतं, लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण एकदा ग्लासात विरघळवून उजेडात धरून बघा, तळाशी करडा गाळ बसतो, तो आगरातला चिखल आहे. तो नाकात कशाला? शिवाय खडा मोठा असल्यामुळे चमच्याचं मापही चुकतं. ज्यांना हे मोजमाप नको त्यांच्यासाठी मीठ-सोड्याच्या तयार पुड्या मिळतात, मी दुकानदार म्हणून नाही सांगत, आळशी माणसाला त्याच बऱ्या.

धुवायची पद्धत तुमच्या लेखात आलीय त्यामुळे मी परत लिहीत नाही, दोन गोष्टी मात्र राहिल्या. बाटली दाबायची असेल तर हळू दाबा, जोर लावला तर पाणी कानाच्या नळीत जातं आणि मग दिवसभर कानात गुबगुब. धुतल्यावर एक नाकपुडी दाबून दुसरीतून जोरात शिंकरू नका, दोन्ही मोकळ्या ठेवून हलकेच. पुढे वाकून डोकं डावी-उजवीकडे वळवून पाणी काढून टाका, नाहीतर ते सायनसच्या कोपऱ्यात बसून राहतं आणि तासाभराने तुम्ही देवळात नमस्काराला वाकलात की टपकन पुजाऱ्याच्या समोर. म्हणून घराबाहेर पडायच्या आधी थोडा वेळ हातात ठेवा, आणि धुतल्या धुतल्या आडवे होऊ नका.

पात्र रोज धुवायचं, तेही शेवटी त्याच उकळलेल्या पाण्याने, आणि उपडं ठेवून पूर्ण सुकवायचं. पावसात आपल्याकडे काहीच सुकत नाही हे मलाही माहीत आहे, मग स्वच्छ कोरड्या फडक्याने आतून पुसा. प्लास्टिकची बाटली दर तीन महिन्यांनी बदला, आत काळे ठिपके दिसले तर लगेच. घरात एक पात्र आणि पाच माणसं असं चालणार नाही, ज्याचं त्याचं वेगळं.

संपादकसाहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच की येत्या रविवारी त्याच पानावर उकळलेल्या पाण्याचं एक वाक्य ठळक छापा. दरवर्षी 21 जूनला योगदिनाची शिबिरं गावोगावी होतात, काही ठिकाणी जलनेती शिकवतात, मी पाहिलेल्या एका शिबिरात मैदानाच्या कडेच्या नळाखाली रांग लावून पात्रं भरली जात होती. शिकवणारे गुरुजी मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण शिबिराला चहाचा थर्मास येतो तसा उकळलेल्या पाण्याचाही येऊ शकतो. नेती ही हठयोगाच्या षट्कर्मांतली, म्हणजे शरीर शुद्ध करायच्या सहा क्रियांतली, जुनी गोष्ट आहे, तेव्हा टाक्या आणि गीझर नव्हते. आमच्या फार्मसीवाल्यांनी पण पात्र विकताना पिशवीत एक चिठ्ठी टाकायला हवी, मी टाकायला सुरुवात केलीय, मराठीत आणि कोंकणीत.

आता कुणी नाक धुवू नये ते. कान दुखत असेल किंवा कानाच्या पडद्याला भोक असेल, नाकातून रक्त येत असेल, नाकाचं-कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, नाक इतकं बंद आहे की एका बाजूने घातलेलं पाणी दुसरीकडून येतच नाही, तर आधी डॉक्टर. लहान मुलाला धरून-दाबून तर कधीच नाही, त्याचं काय करायचं ते मुलांच्या डॉक्टरला विचारा. आणि दहा दिवस झाले तरी सर्दी हटत नाही, एकाच बाजूने घाण वासाचं पाणी किंवा रक्त येतंय, डोळ्याभोवती सूज आलीय, ताप आणि डोकं फुटायची वेळ आलीय, तर धुवत बसू नका, कान-नाक-घसावाल्याकडे जा, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे. धुतल्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत ताप, उलट्या, मान आखडणं असं झालं तर डॉक्टरला मी नाक धुवत होतो, पाणी अमुक होतं हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. तेव्हा मात्र आमच्या काउंटरवर येऊन काहीतरी स्ट्राँग द्या म्हणू नका, अँटिबायोटिक मी चिठ्ठीशिवाय देत नाही, ओळखीच्यांनाही नाही.

आपला,
एक फार्मसीवाला, फोंडा